पोटातल्याचं कार्ड

चूक एवारिस्तोचीच होती, आणि ती त्याने वळणदार अक्षरात केली होती. टेक्ससमधल्या त्या कसाईखान्याच्या गावात तो दवाखान्याच्या खिडकीशी बसून लोकांना सरकारी विम्याचे अर्ज भरून देई. निकोलासाच्या अर्जात रुग्णाच्या रकान्यात त्याने ‘निकोलासा’ लिहिलं. पोट तिचं, सुजलेले पाय तिचे. मग रुग्ण दुसरं कोण असणार? महिन्याभराने अर्ज परत आला. ग्वाटेमालातून विनाकागद आलेल्या बाईला विमा नाही. विमा तिच्या पोटातल्या बाळाला.

“ह्याला कागद लागत नाहीत?” निकोलासाने पोटावर टिचकी मारली.

“तो इथे जन्मणार ना, बाई.”

“जन्मेल तेव्हा जन्मेल. मी आठ वर्षं आधी आलेय!”

नव्या अर्जावर कार्ड आलं, बिननावाच्या बाळाचं.

निकोलासा कारखान्यात गाईच्या खांद्याचं मांस हाडापासून सोडवते. पट्टा थांबत नाही, म्हणून तीही थांबत नाही. तीन मुलं, तिन्ही सिझेरियन, आता हे चौथं. पाचव्याला गर्भपिशवी फाटू शकते, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं. म्हणून पुन्हा दिवस जाऊ नयेत यासाठी तिला त्याच वेळी नळ्या बांधून हव्या होत्या. डॉक्टरीणबाई तयार होत्या. कार्ड तयार नव्हतं.

“बाळाला त्याचा उपयोग नाही म्हणतात,” एवारिस्तो ओशाळून म्हणाला.

“अहो भाऊ, पोट उघडंच असणार ना! गाय उघडली की मी सगळं एकदाच काढते. शिवून ‘उद्या ये’ म्हणते का तिला?”

रांगेतल्या बाया खिदळल्या. एवारिस्तोने विम्याच्या कचेरीत फोन लावला. अर्धा तास फोनवरचा बाजा ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, “रुग्णाला अजून नळ्या बांधायची गरज नाही.”

“रोख भरले तर?” निकोलासाने विचारलं.

“तुमचा चार महिन्यांचा पगार,” एवारिस्तो म्हणाला.



“मग नवऱ्यालाच नसबंदी करायला का नाही सांगत?” रांगेतल्या एकीने विचारलं.

“तो म्हणतो, कापाकापी कारखान्यात होते तेवढी पुरे.”

आता रांगेतलं कुणी हसलं नाही. बाळंतपणानंतर दोन तपासण्या होत्या, मग कार्ड बंद. कार्ड बंद म्हणजे डॉक्टरही बंद. एवारिस्तोने अर्ज उगाचच पुन्हा उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“कार्ड संपलं तरी येत जा हो इकडे,” तो म्हणाला.

“येईन की, पुन्हा पोटुशी राहिले की.”