दोन बुंध्यांचा मोह

संघपाल रामटेकेला लिहायची हौस कधीच नव्हती हो. कुरखेड्याच्या पुढे जंगलातल्या एका दवाखान्यात तो समुपदेशक. मनाचं दुखणं ऐकायचं, धीर द्यायचा, हे त्याचं काम. पण ऐकायला माणूस तर आलं पाहिजे! लोक त्याच्या खोलीला ‘पागलांची खोली’ म्हणायचे आणि मान वळवून खोकल्याच्या रांगेत जाऊन उभे राहायचे. दिवसभर माशा मारून बिचारा पार खचला होता.

नागपूरहून महिन्यातून एकदा दिव्यानी मॅडम यायच्या, मनोविकारतज्ज्ञ. त्या म्हणाल्या, “संघपाल, पेपरात लिहा. छापून आलं की लोक मानतात. तुमचंही मन मोकळं होईल.”

त्याच्याकडे नेमानं येणारी एकच बाई होती, रंभा. तिचा तरणाताठा पोरगा निकेश गेला, तेव्हा नवरा मुखरू तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. पोराला साप डसला, असं रंभानं गावाला सांगितलं, मुखरूलाही तेच. खरं काय ते तिनं एकट्या संघपालला सांगितलं होतं. पोरानं फवारणीचं औषध पिलं होतं. आदल्या सांजेला मुखरूनं फोनवर त्याला नाही नाही ते सुनावलं, “मर जा तिकडं” म्हणाला. बाप रागात बोलतोच, त्यात काय! पण पोरानं मनावर घेतलं. रंभाला तो त्यांच्या वाट्याच्या मोहाच्या झाडाखाली सापडला. तिनं शिशी नाल्यात फेकली आणि साप, साप म्हणून बोंब ठोकली. आपला शब्द पोराला लागला, हे नवऱ्याला जन्मात कळू नये म्हणून. तेव्हापासून ती त्या झाडाखालचा पाला रोज झाडायची. मोहफुलं वेचायच्या दिवसांत सगळ्याच बाया झाडतात, ही भर पावसाळ्यातही झाडायची.

संघपालनं हेच लिहिलं, जीव ओतून लिहिलं. बाईचं नाव बदललं, गाव बदललं. झाड मात्र होतं तसंच ठेवलं, नाल्याकाठचं, दोन बुंध्यांचं. अरे माझ्या बाबा! आपल्याकडे कोणता मोह कोणाच्या वाट्याचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथेच जन्मलेल्या माणसाला एवढं सुचू नये? आणि बाईला विचारलंही नाही. नाव बदललं म्हणजे झालं, असं वाटलं त्याला.

लेख आला आणि त्याच्या खोलीचे दिवस पालटले. खिशात कात्रण घालून लोक यायला लागले. कोणाला झोप नाही, कोणाचं पोर गेलेलं, कोणी दारूत बुडालेलं. जिल्ह्याहून साहेबांनी फोन करून पाठ थोपटली. संघपाल पुन्हा हसू-बोलू लागला. खोटं कशाला बोला, त्या लेखानं माणसं वाचली.

फक्त रंभा येईना.

शेवटी गाडी काढून तो तिच्या गावी गेला. नाल्याकाठी मोह आडवा पडलेला, पानं वाळून गेलेली. गावात कळलं, लेख आला त्या दिवशी टपरीवर कोणीतरी पेपर मोठ्यानं वाचत होतं आणि मुखरू चहा घेत ऐकत होता. दोन बुंधे आले तसे सगळे त्याच्याकडे बघायला लागले. तो उठला, घरून कुऱ्हाड घेऊन आला. त्या दिवसापासून तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता. ना धड खाणं, ना बोलणं.

रंभा खोडाभोवती झाडत होती.

“रंभाबाई, चुकलं माह्यं,” संघपाल म्हणाला. “मुखरूभाऊले घेऊन या माह्याकडं. मी बोलतो त्याईच्यासंग.”

“काऊन? अजून छापाचं हाये का?” ती म्हणाली. मग तिलाच कसंनुसं झालं. “लोकाईचं भलं झालं म्हन्तेत, सर. होऊ द्या. पन निकेशच्या बापाले आता कोन सांगन, का सापच होता म्हनून? मी एकटी सोसून राह्यली होती ना जी.”

आणि ती पुन्हा झाडायला लागली.

दुसऱ्या दिवशी संघपाल खोलीत आला तेव्हा बाहेर ही रांग! पहिला माणूस आत आला, कात्रण टेबलावर ठेवलं आणि हात जोडले.

“सर, हे वाचूनच आलो. घरच्याईलेबी सांगतलं नाई, ते तुमाले सांगतो.”

संघपालनं टेबलावरचं पेन उचलून खणात टाकलं आणि खण बंद केला.