गाडीचं माप

माझ्या रंगनाथमामांशी भांडण करणं अवघड, कारण ते भांडतच नाहीत. ते बोलणं बंद करतात. मैसूरच्या देवराज मोहल्ल्यात त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे, दुकानामागे घर आणि घरामागे पत्र्याची शेड. गिऱ्हाइकाने कापड कमी आणून वर हुज्जत घातली की मामा टेप गळ्यात टाकतात, पान जमवायला घेतात आणि गिऱ्हाईक आपण होऊन दुसऱ्या दुकानात जातं. गिऱ्हाइकाचं ठीक आहे. पण हाच प्रयोग त्यांनी पोटच्या पोरावर केला आणि तो अकरा वर्षं चालला.

पोराचं नाव कृष्णमूर्ती. आम्ही त्याला किट्टू म्हणतो. एकुलता एक. मामांनी त्याला काजं करायला बसवलं, कटिंग शिकवलं, पण त्याचा जीव कापडात कधी रमला नाही. शिवायचं मशीन दिलं की हा शिवायच्या ऐवजी ते खोलून बघायचा. तो एकवीस वर्षांचा झाला तेव्हा मामांनी दुकानावर नवी पाटी लावली, 'रंगनाथ अँड सन', आणि गल्लीभर पेढे वाटले. त्याच आठवड्यात किट्टू सैन्यभरतीला गेला आणि गाड्यांचा मेकॅनिक म्हणून निवडला गेला. घरी सांगितलं ते निघायच्या आदल्या दिवशी. मामा एक अक्षर बोलले नाहीत. पेंटरला बोलावून त्यांनी 'अँड सन'वर पांढरा रंग मारून घेतला. रंग इतका पातळ, की दुपारच्या उन्हात ती अक्षरं खालून अजून वाचता येतात.

त्यानंतर घरातलं टपालखातं सोयरामामी चालवायच्या. "त्याला सांग, जेवून घे म्हणावं," मामा म्हणायचे, आणि तो म्हणजे किट्टू समोरच ताट घेऊन बसलेला असायचा. "अप्पांना सांग, वाढलंय तेवढं पुरे," किट्टू म्हणायचा. मला हसू यायचं आणि रागही यायचा. मामी मात्र दोन्हीकडचं बोलणं इकडून तिकडे पोचवताना त्यात स्वतःची थोडी साखर घालायच्या.

मग ती गाडी आली. किट्टूची बदली बंगळूरला झाली होती, रविवारी तो घरी यायचा. एच. डी. कोटेच्या पलीकडे एका म्हाताऱ्या शिकाऱ्याच्या गोठ्यात जुनी विलायती स्पोर्ट्‌स कार पडून होती. दोन सीटांची, जमिनीला टेकलेली, कापडी टपाची. टप फाटलेला आणि आत कोंबड्या अंडी घालत होत्या. किट्टूने ती लॉरीत घालून आणली. शेडमध्ये तेव्हा मामांचं मोठं कटिंग टेबल आणि दुसरं मशीन होतं. मामांनी काही न बोलता मशीन पुढच्या दुकानात नेलं, टेबल आडवं करून घरातल्या बोळात उभं केलं, आणि त्या दिवसापासून ते दुकानातल्या फळीवर अंग चोरून कापड कापू लागले.

पुढच्या रविवारी किट्टू आला तर गाडीचा फाटका टप गायब. त्याच्या पुढच्या रविवारी नवा टप सीटवर घडी करून ठेवलेला होता, दुहेरी शिलाईचा, कडेला पट्टी लावलेला. किट्टू बराच वेळ तो हातात घेऊन उभा राहिला. मग दुकान बंद असताना त्याने मामांचं मशीन खोललं, तेलपाणी केलं, पट्टा बदलला. सोमवारी मशीन आवाज न करता चालायला लागलं. मामांनी त्यावर सीटची कव्हरं शिवली. किट्टूने दुकानाचा पंखा दुरुस्त केला. असं सात वर्षं चाललं होतं. आयुधपूजेला कात्री, टेप आणि मशीन यांच्या रांगेत गाडीलाही हार पडायचा, आणि पूजा झाली की किट्टू दार उघडून उभा राहायचा. मामा टोपी सारखी करून डाव्या सीटवर बसायचे. विठ्ठलमंदिरापर्यंत जाऊन दोघं परत यायचे. वाटेत एक शब्द नाही. पण परतल्यावर मामा त्या दिवशी दोन पानं खायचे.

मग मामी वारल्या आणि टपालखातं बंद पडलं. आता घरात नुसते मशीनचे आणि पान्यांचे आवाज राहिले.

त्यातच दसऱ्यानंतर किट्टूच्या युनिटला हुकूम आला. सगळं युनिट अरुणाचलात हलणार, तवांगच्या बाजूला, तीन वर्षं. बरोबर एक काळी ट्रंक आणि वळकटी. किट्टू आठवड्याची रजा घेऊन आला आणि गाडीशेजारी उकिडवा बसून राहिला. मी शाळेत मास्तर; शाळा सुटल्यावर गेलो तर मला म्हणाला, "अनंता, ठेवू का विकू? तूच सांग."

बंगळूरचा एक माणूस त्या गाडीवर कधीपासून डोळा ठेवून होता. तो जुन्या गाड्या लग्नांना भाड्याने द्यायचा.

"ठेवली तर चालवणार कोण?" किट्टू म्हणाला. "टायर बसतील, उंदीर वायरी खातील. अप्पांची नजर अधू झालीय, ते त्या चिंचोळ्या दुकानात दिवसभर वाकून कापतात आणि मी त्यांच्या जागेत हे धूड उभं करून चाललोय. आणि विकली तर?" त्याने टायरवर हात ठेवला. "मी या घरी कशासाठी येतो? गाडीसाठी. गाडीचं काम आहे म्हणून येतो. गाडी नसली तर दार कसं वाजवू?"

"बापाचं दार आहे. त्याला निमित्त लागतं?"

"तुला लागत नाही. मला लागतं."

मी तडक दुकानात गेलो. मामा मशीनवर जाडजूड राखी कॅनव्हास शिवत होते. मांडीवर ढीग, जमिनीवर ढीग, मधोमध मामा आणि त्यांचा जाड भिंगांचा चष्मा.

"मामा, किट्टू तिकडे तळमळतोय. गाडीचं काय करायचं ते सांगा त्याला."

"ज्याची गाडी त्याने ठरवायचं. मी कोण?"

"तुम्ही कोण? बाप ना त्याचे?"

"सुम्ने बस रे." गप्प बस, एवढाच त्याचा अर्थ.

"आणि हे काय शिवताय एवढं?"

"गिऱ्हाइकाचं." सुई तुटली. त्यांनी दुसरी सुई लावायला घेतली आणि त्यांना दोरा काही ओवता येईना. मी ओवून दिला. मंडी मोहल्ल्यातल्या कुणा दुकानदाराचा छपराचा पडदा असेल असं मला वाटलं.

मधले दोन दिवस किट्टू युनिटचं सामान बांधायला बंगळूरला गेला. परत आल्यावर शेडमध्ये डोकावून तो थेट माझ्या घरी आला.

"ठरलं," म्हणाला. "अप्पांनीच ठरवलं. चल, दाखवतो."

शेडमध्ये गाडी नाक भिंतीकडे करून उभी होती. तिच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या जमिनीवर शिंप्याच्या निळ्या खडूने सरळ रेघा ओढलेल्या होत्या आणि रेघांशेजारी मामांच्या हातचे आकडे.

"टेबलाची जागा आखलीय," किट्टू म्हणाला. "मी अजून गेलोही नाही आणि यांनी जागा मोजून घेतली. बरोबरच आहे, जागा त्यांची आहे. पण दोन दिवस थांबले असते तर काय झालं असतं?"

"विचार तरी त्यांना!"

"अकरा वर्षांत कधी विचारलं, ते आज विचारू?"

मी खूप बोललो. दगडाशी बोललो असतो तर बरं झालं असतं. बाप तसा बेटा. त्याने पोस्टात जाऊन बंगळूरच्या त्या माणसाला फोन केला, गाडी घेऊन जा म्हणून.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. संध्याकाळच्या आगगाडीने किट्टू निघणार होता. मामा आंघोळ करून सकाळीच विठ्ठलमंदिरात भजनाला गेले. घरच्या माणसासाठी काही शिवलं की ते आधी विठोबाच्या पायांवर ठेवून आणायचं ही त्यांची जुनी सवय. माझ्या मुंजीतला सदरासुद्धा बुक्का लागूनच माझ्या अंगात आला होता. त्या दिवशी त्यांनी सायकलच्या कॅरिअरला एक भलंमोठं गाठोडं बांधून नेलं, असं समोरच्या पानवाल्याने पाहिलं. आम्ही घरात नव्हतो, आम्ही चौकात लॉरीची वाट बघत होतो.

लॉरी आली. फळ्या लावल्या. किट्टूने गाडी स्वतः चढवली, टप लावला, बटणं एकेक करून बंद केली. खाली उतरल्यावर मागच्या काचेवर हात ठेवून तो उभा राहिला आणि लॉरीवाला "आयतु, सार? झालं?" असं दोनदा म्हणाला, तेव्हा कुठे त्याने हात काढला.

मग तो मला म्हणाला, "चल, अप्पा यायच्या आत टेबल लावून टाकू." आम्ही बोळातलं टेबल शेडमध्ये आणलं आणि निळ्या रेघांत ठेवलं. बसेना. रेघा लांबच लांब, टेबल निम्म्यातच संपलं. भिंतीकडच्या टोकाला, जिथे गाडीचं नाक होतं, तिथे रेघा आत वळून गोल झाल्या होत्या.

"किट्टू, टेबलाला नाक कशाला?" मी म्हणालो.

तो खाली बसला. रेघेवरून बोट फिरवत पुढे सरकला. मध्येच उजव्या अंगाला रेघेबाहेर एक छोटं वर्तुळ होतं आणि त्याच्याजवळ आकडा. "हा आरसा," तो म्हणाला. "अनंता, आरशाला वेगळा खिसा काढलाय." आणि मग तो जमिनीवर बसूनच राहिला.

मामा सायकल ढकलत आले. कॅरिअरवर तो राखी कॅनव्हास घडी करून बांधलेला, वर बुक्का आणि तुळशीची पानं. शेडच्या दारात ते थांबले. टेबल पाहिलं, रिकामी जमीन पाहिली, पोराकडे पाहिलं.

"गाडी?"

अकरा वर्षांनी पोराला उद्देशून बोललेला पहिला शब्द.

"विकली, अप्पा."

"मी खोळ शिवली होती रे तिला," मामा म्हणाले. "तीन वर्षं धूळ बसू नये म्हणून. मला विचारायचं होतंस."

"तुम्ही सांगायचं होतंत."

मला तर दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीशी वाटली. किट्टूने माझी स्कूटर काढली. श्रीरंगपट्टणच्याही पुढे जाऊन आला, लॉरी कुठली सापडायला? मी पोस्टातून फोन लावला. "सौदा झाला, सार. पुढच्या आठवड्यात लग्नाला द्यायचीय," पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

आम्ही परतलो तेव्हा मामा शेडमध्ये टेबलापाशी उभे होते. खोळ टेबलावर पसरलेली, आणि ते तिची शिवण उसवत होते. ज्या माणसाने आयुष्यात शिवलेलं कापड कधी उसवून वाया घालवलं नाही, तो टराटरा टाके ओढत होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान नव्हतं.

"अप्पा, बेडा. नको, राहू दे," किट्टू म्हणाला.

"इकडे ये. उभा राहा. तिकडे थंडी असते. याचा कोट होईल, आतून ब्लँकेट लावतो. अळते घेऊ दे, माप." मामांनी गळ्यातली टेप काढली. "स्वल्प हात वर कर."

किट्टूने हात वर केले. मामांनी त्याच्या छातीभोवती टेप फिरवली. त्यासाठी त्यांना पोराला जवळजवळ मिठीच मारावी लागली आणि टेप जुळल्यावरही ती लगेच सुटली नाही. "छाती अडतीस," मामा म्हणाले. "अडतीस," किट्टू मागोमाग म्हणाला, लहानपणी दुकानात म्हणायचा तसा. "खांदा सतरा." "सतरा." "बाही..." बाहीचा आकडा मामांना वाचता येईना. किट्टूने मान वळवून वाचला. त्या घरात अकरा वर्षांत दोघांचं इतकं बोलणं झालं नव्हतं आणि सगळे नुसते आकडे होते.

संध्याकाळपर्यंत कोट कुठला होणार? कापड कापून झालं, एक बाही कच्ची लागली, तोवर निघायची वेळ झाली. किट्टू पायांशी वाकला. मामा म्हणाले, "कच्चा शिवून ठेवतो. ट्रायलला ये."

"येतो, अप्पा."

याला आता दुसरा हिवाळा आला. किट्टूची रजा दोनदा मंजूर होऊन दोनदा रद्द झाली. मध्ये तिकडे कडा कोसळून काही जवान गेले अशी बातमी आली, तेव्हा त्याची तार येईपर्यंत मामांनी अन्न घेतलं नाही. दुकानात, त्यांच्या डोक्यामागच्या खुंटीवर तो राखी कोट लटकतो आहे. दोन्ही बाह्या लागल्या, कॉलर लागली, आरशासाठी शिवलेल्या खिशाचा आतला खिसा झाला. फक्त सगळीकडे कच्च्या दोऱ्याचे पांढरे टाके तसेच आहेत.

परवा मी चिडलो. "मामा, एक दिवस बसा आणि पक्का शिवून टाका. पार्सल मी करतो. पोरगं तिकडे बर्फात कुडकुडतंय आणि कोट इथे धूळ खातोय!"

"ट्रायल झाली नाही."

"ट्रायलचं काय घेऊन बसलात? दोन बोटं इकडेतिकडे झालं तर बिघडलं कुठे?"

मामांनी मशीन थांबवलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पक्का शिवून धाडला," ते म्हणाले, "तर तो आणखी कशासाठी येईल, अनंता?"

मला एवढंच म्हणायचं होतं की बापाच्या घरी यायला निमित्त लागत नाही. त्यांच्या सुईत दोरा ओवून दिला आणि शाळेला निघालो.