वॉटफर्डचा शिरा

शिरा नको म्हणतेय म्हणून रागावू नका. डायटबिएट काही नाही. चहा तेवढा द्या, आणि मी एका बाईच्या दुःखात पिवळा ड्रेस घालून कशी मिरवले ते ऐका. मग तुम्हीच बशी उचलून आत ठेवाल.

अकरावीत असताना आमच्या सांगलीच्या कॉलेजनं मला एका टर्मसाठी इंग्लंडला एक्स्चेंजवर पाठवलं. सरळ अदलाबदल. वॉटफर्डची एलिफ आमच्या घरी, माझ्या खोलीत, आणि मी तिच्या. निघताना आई म्हणाली, “गोऱ्यांच्या घरात नीट राहा.” गोरे कसले? दार उघडलं एलिफच्या आईनं, नूरहान तेय्झेनं. लग्न होऊन तुर्कस्तानातून आलेली, हाय स्ट्रीटला कपडे आल्टर करायचं दुकान चालवणारी. तुर्कीत तेय्झे म्हणजे मावशी, हे पहिल्याच दिवशी कळलं आणि मी हुश्श केलं. मावशी म्हणजे आपलंच माणूस की.

पण नुसतं मावशी म्हणून कुणी भाची होत नाही. त्या घरात सगळे माझ्याशी फार चांगले वागायचे. पाहुण्याशी वागतात तसे. जेवण झालं आणि मी ताटल्या उचलायला गेले की तेय्झे हात धरायची. “नो नो, यू सिट.” मी बसायचे. मला बसायचं नव्हतं हो. ‘ए, लोळतेस काय, ताटल्या उचल’ असं कुणीतरी मला म्हणावं म्हणून जीव तुटत होता. एलिफच्या उशीत तोंड खुपसून मी रडायचे ते याच्यासाठी. तिकडे एलिफ मात्र माझ्या आईच्या शिव्या खात होती आणि मला फोटो पाठवत होती. असा संताप यायचा.

घरात तेव्हा विषय एकच. एलिफची थोरली बहीण, आयला, बेसिंगस्टोकला सासरी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. तेय्झे दुकानातून येऊन इवलेइवले मोजे विणायची. रोज तिकडे गावी, तुर्कस्तानात, स्वतःच्या म्हाताऱ्या आईला व्हिडिओ कॉल करून ते मोजे दाखवायची. म्हातारी कॅमेऱ्यात कधी कान दाखवायची, कधी नुसतं कपाळ. मी मागून हात हलवायचे, ती पण हलवायची. तेवढीच आमची ओळख.

हाफ टर्मची सुट्टी होती. मी उशिरा उठले ती वासानं. भाजलेल्या रव्याचा वास. लोण्यात खमंग भाजलेला, पाक घालायच्या आधी येतो ना, तोच. इतके दिवस सकाळी ऑलिव्ह खाणाऱ्या माणसाला हा वास आल्यावर काय होत असेल? मी अनवाणी खाली धावले.

स्वयंपाकघरात तेय्झे केवढं तरी मोठं पातेलं घेऊन रवा हलवत होती. वर बदामाऐवजी चिलगोजे, पण शिराच तो. डोक्याला रुमाल बांधलेला आणि डोळ्यांतून धार लागलेली. हॉलमध्ये शेजारपाजारच्या तुर्की बायका जमलेल्या, त्यांच्याही डोक्यावर रुमाल, एक जण पुस्तकातून काहीतरी वाचत होती.

आता तुम्हीच सांगा. घरात शिरा, डोक्यावर पदर, पोथीवाचन. सांगलीची मुलगी यातून काय अर्थ काढणार?

तरी मी विचारलं. “तेय्झे, काय झालं?”

ती हुंदका देत एवढंच म्हणाली, “आन्ने.”

आन्ने म्हणजे आई, एवढं तुर्की मला येत होतं. आणि तेच नडलं. मी मनात म्हटलं, आयला आई झाली! मी तेय्झेला मिठी मारली. मलाही रडू आलं. तिनं मला इतकं घट्ट धरलं, इतका वेळ धरलं, की मला वाटलं, आज मी या घरातली झाले.

सोडल्यावर मी पातेल्याचा फोटो काढला आणि एलिफला पाठवला. खाली लिहिलं, ‘मावशी झालीस! अभिनंदन!’ पुढे नाचणारी बाहुली.

मग वर जाऊन कल्चर डेसाठी आणलेला पिवळा ड्रेस घातला. झुमके घातले. टिकलीसुद्धा लावली. शेजाऱ्यांनी गाडी घेतली तेव्हा सगळे त्यांना ‘हायर्ली ओल्सुन’ म्हणत होते, म्हणजे शुभ होवो, हे माझ्या लक्षात होतं. हॉलच्या दारात उभी राहून मी ते हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.

वाचणारी थांबली. एकीनं तोंडाला हात लावला. मला वाटलं, उच्चार चुकला असेल, म्हणून मी परत म्हटलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. एलिफ.

“कोण गेलं?”

“कुठे?”

“तो हेल्वा आहे. आमच्यात माणूस गेलं की सकाळीच असं मोठं पातेलं चढतं. कोण गेलं? आयला?”

“अगं, आयलाला बाळ झालंय…”

“आयला बाळंतपणात गेली?”

मी मान वर केली. तेय्झे दारात उभी होती, हातात तो लांब चमचा, आणि माझ्या हातातल्या फोनकडे बघत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी आनंदाचं नव्हतं हे मला तेव्हा दिसलं. मघाशी का नाही दिसलं? मला शिरा दिसत होता.

तिनं फोन घेतला. ती तुर्कीत बोलत होती, मला एकच शब्द कळला. आन्नेआन्ने. आईची आई. कॅमेऱ्यात कपाळ दाखवणारी म्हातारी गेली होती. पलीकडून एलिफचा श्वास सुटल्याचा आवाज आला. बहीण जिवंत आहे म्हणून. आणि मग आजी गेल्याचं ऐकून आपण सुटकेचा श्वास टाकला म्हणून ती जी रडली, ते मी आजवर विसरले नाही.

दुपारी केमाल काकांनी, तेय्झेच्या नवऱ्यानं, मला सगळं सांगितलं. पहाटे फोन आला होता. मला झोपू दिलं होतं. तिकडे दुपारच्या नमाजालाच दफन होणार, कुठल्याही विमानानं तेय्झे पोचणार नव्हती. म्हणून ती हेल्वा करत होती, तिच्या हातात दुसरं काही उरलंच नव्हतं. आणि एलिफला संध्याकाळी सांगायचं ठरलं होतं, माझी आई बँकेतून घरी आल्यावर. पोरीला जवळ घ्यायला कुणीतरी हवं म्हणून.

पण हे नंतरचं. तेव्हा मी हॉलच्या मधोमध उभी होते, पिवळी, झुमकेवाली, आणि जमीन काही दुभंगत नव्हती. मी म्हटलं, “तेय्झे, मी बॅग भरते.”

फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि तो चमचा माझ्या हातात कोंबला.

“ढवळ. थांबू नको, करपेल. आणि तिच्यासाठी काहीतरी म्हण, तुझ्या भाषेत.”

पहिल्यांदाच मला त्या घरात कुणी काम सांगितलं. आणि मला आठवलं काय? शाळेत डबा खाण्याआधी म्हणायचो तो श्लोक. रडत रडत तोच म्हटला. तेय्झे शेजारी उभी राहून ‘आमीन’ म्हणत होती.

टर्म संपवून मी सांगलीला परतले. एलिफ आदल्याच दिवशी निघून गेली होती. रिक्षातून उतरले, जिना चढले, दार उघडंच होतं आणि आतून वास आला. तुपात भाजलेल्या रव्याचा. बॅग उंबऱ्यातच टाकून मी भिंतीला धरून ओरडले, “आई, कोण गेलं?”

आई झारा हातात घेऊन बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच गेली होतीस. आलीस ना? मग लोळू नकोस तिथं, ताटल्या घे.”