पळीच्या हातची चव

अंगाने काडी आणि डोक्यावर केसांचं हे एवढं टोपलं, म्हणून मामाने तिला लहानपणीच ‘पळी’ म्हणायला सुरुवात केली. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. स्वयंपाक मागाहून आला.

आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर, वडील मालाच्या ट्रकवर. त्यामुळे दहाव्या वर्षीच शेगडी पळीच्या ताब्यात आली. अशा पोरी घरोघरी असतात आणि बहुतेकींना त्या कामाचा वीट येतो. हिला मात्र वेड लागलं. कांदा तेलात पडला की ती कुणाला बोलू द्यायची नाही. लसूण करपायच्या जरा आधी त्याला गोडसर वास येतो, नेमक्या त्या घटकेला पाणी घालायचं, असं ती धाकट्या बहिणीला बजावून सांगायची.

“ताई, तुझं लग्न त्या लसणाशीच लावून देऊ,” बहीण म्हणायची.

“चालेल. तो निदान उलट तरी बोलणार नाही.”

ती एकोणीस वर्षांची असताना खालच्या मजल्यावरच्या काकांना नोकरीत बढती मिळाली. त्यांनी तीस माणसांना जेवायला बोलावलं आणि रांधायचं काम पळीवर सोपवलं. त्या पंगतीला कोपऱ्यावरच्या खानावळीचा आचारी होता. जेवून झाल्यावर तो हात न धुताच आत आला.

“रश्श्यात काय घातलंस?”

“काही नाही. कांदा सावकाश परतला.”

आचारी हसला. “माझ्याकडे सहा माणसं आहेत, पण एकालाही हे ‘सावकाश’ जमत नाही. एक तारखेपासून ये. आधी भाज्या चीर. हात बसला की शेगडी तुझी.”

एरवी तोंडातून शब्द न काढणारे वडील त्या दिवशी जिना चढताना भेटेल त्याला सांगत होते, “पोरीने नाव काढलं.”

एक तारखेला आठ दिवस होते. पळी वरच्या फळीवरचे डबे पुसायला स्टुलावर चढली. स्टूल कलंडलं आणि ती मागच्या मागे फरशीवर पडली. डोक्याला तीन टाके पडले. दवाखान्यात दोन दिवस ठेवून तिला घरी सोडलं. आईने पातळ गरम सूप करून वाटी हातात दिली. पळीने दोन घोट घेतले आणि थांबली. खारट लागत होतं, पण कशाचं खारट ते कळत नव्हतं.

ती उठली, लसणाची पाकळी ठेचली आणि नाकाशी धरली. कोरा कागद हुंगावा तसं झालं. मग साबण, मग मिरी, मग रॉकेलची बाटली. आई दारात उभी राहून बघत होती.

डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. “मागून मार बसला की वासाच्या बारीक शिरा तुटतात. कधी जुळतात, कधी नाही. वर्षभर वाट बघायची.”

“आणि वर्षाने?”

“वर्षाने सवय होते,” त्या म्हणाल्या.

पळीने खानावळीत कुणाला काही सांगितलं नाही. चिरायला नाक लागत नाही. तिचा हात इतका भराभर चाले की चौथ्या महिन्यातच आचाऱ्याने तिला शेगडीपाशी उभं केलं. “आज रस्सा तुझा.”

तिने रंगावर नजर ठेवली आणि आवाजावर कान ठेवला. पण कढई वापरून काळीठिक्कर झालेली आणि वरचा पंखा घरघरत होता. मागून आचारी ओरडत आला, “अगं, लसणाचा कोळसा झाला! बाहेर गिऱ्हाईक नाक धरून बसलंय, तुला वास येत नाही?”

“नाही,” ती म्हणाली.

त्याला ते उद्धट उत्तर वाटलं. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि शेगडी बंद केली. तिने सगळं सांगितलं. तो पोत्यावर बसून ऐकत राहिला.

“चिरायला तरी राहू द्या,” ती म्हणाली.

“सकाळी पहिली तू येतेस, पोरी. रात्रभर गॅस सुटलेला असला तर तुला कळणार नाही. तू काडी ओढशील.” तो वाईट माणूस नव्हता. तिला दारापर्यंत सोडायला आला.

घरची शेगडी राहिली होती. पळी आठवणीवर रांधायची आणि सगळे “छान” म्हणायचे. एका रविवारी तिने मासळी केली. सकाळपासून ती त्याच खटपटीत होती. आईवडील जेवले. उशिरा आलेली बहीण दारातूनच म्हणाली, “कसली घाण येतेय? ताई, हे सडलंय!”

पळीने दोघांच्या ताटांकडे पाहिलं. काट्यांशिवाय काही उरलं नव्हतं.

“बाबा, तुम्हाला कळलं नाही?”

वडील खाली बघत होते. “कळलं.”

“मग खाल्लंत का?”

आई म्हणाली, “तू सकाळपासून उभी होतीस गं.”

संध्याकाळी दोघांना उलट्या सुरू झाल्या. पळी बादल्या धूत राहिली. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक बहिणीकडे गेला. असं कुणी ठरवलं नाही. पळी शेगडीपाशी गेलीच नाही. महिन्याभरात ती आईबरोबर कारखान्यात जायला लागली, गुंड्या लावायच्या कामावर.

वर्ष सरलं, दुसरंही सरत आलं. एके दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेजारणीने डबा उघडला आणि पळीच्या नाकात काहीतरी शिरलं. ती ताडकन उठली. “आई, वास आला! आई!” आईने सगळ्यांदेखत तिला मिठी मारली. मग पळीने पुन्हा हुंगलं आणि तिचा चेहरा उतरला. जळक्या रबराचा वास होता. घरी आली तर कांद्याला तोच, साबणाला तोच. तिच्या केसांत हात फिरवणाऱ्या आईच्या हाताला तोच.

“शिरा जुळल्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण भलतीकडे जुळल्या.”

“पुन्हा तुटतील?”

त्यांनी कागदावर सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून दिली.

आज पळी चोवीस वर्षांची आहे. शेजारच्या घरात फोडणी पडली की ती उठून खिडकी लावून घेते. तिच्यासाठी बहीण वेगळा भात शिजवते, नुसता, बिनमिठाचा, आणि ताटलीत पसरून ठेवते. वाफेबरोबर वास जास्त येतो, म्हणून पळी भात पार गार होईपर्यंत थांबते. मग भिंतीकडे तोंड करून चार घासांत तो संपवते.