चावीनं बंद होणारं इंजिन

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, घाटाच्या माथ्यावर गाडीची चावी बंद करायचे. गियर न्यूट्रल, चावी बंद, आणि गाडी उतारावर आपली आपण सोडून द्यायची. त्यांच्या काळातले सरकारी खात्याचे सगळे ड्रायव्हर हेच करत. जुनं पेट्रोल इंजिन गगनबावड्यापर्यंत चढून तापून लाल झालेलं असायचं, त्याला तेवढीच विश्रांती. शिवाय इंजिन बंद असलं की चाकाचा आवाज कळतो, ब्रेकचा कळतो, खालून येणारा ट्रक दिसायच्या आधी कानाला कळतो, असं ते सांगत. सव्वीस वर्षं त्यांनी असंच केलं आणि सव्वीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा नाही. ही सवय मला लहानपणापासून माहीत होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं त्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ ही पळवाट नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी खात्यानं आबांच्या हातातली ती गाडी लिलावात काढली. चौकोनी तोंडाची, चारही चाकांना ताकद जाणारी, मागं दोन आडव्या सीटा असलेली जुनी स्टेशन वॅगन. आबा रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. मी ती घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून कळंब्याला आमच्या घरामागं आणून उभी केली. आबा बाहेर आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “लई हाल केल्यात रं हिचं.” जेवायला बोलावलं तरी आत येईनात.

माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. आता लेथवाल्याचं डोकं कसं असतं, तर जगातली कुठलीही वस्तू जगातल्या कुठल्याही वस्तूवर बसवता येते. बसत नसेल तर दोन सूत घासायची. आमच्याकडं पंपाचं इंजिन गुऱ्हाळाला, गुऱ्हाळाचं पिठाच्या गिरणीला, असं चालायचंच. “बसत न्हाय” असं म्हणणाऱ्याला उद्यमनगरात कोणी चहा विचारला नसता. त्या मस्तीत मी होतो.

पत्रा काढला तर खालून निम्मा सडलेला निघाला. तो कापून नवा घातला, चेसीला वेल्डिंग केलं, स्प्रिंगचे पाटे नवे केले. वर्ष गेलं त्यात. इंजिनाच्या ब्लॉकला मात्र आरपार तडा होता. ते इंजिन संपलं होतं.

इथं आमची जुंपली. आबांनी कुठूनकुठून निरोप पाठवून चंदगडकडं एक इंजिन शोधून काढलं. अगदी हेच, पेट्रोलचं, एका काजूवाल्याच्या शेडमध्ये पोत्याखाली झाकून ठेवलेलं. आम्ही एसटीनं जाऊन बघून आलो. हँडल मारलं तर तिसऱ्या झटक्याला चालू झालं. आबांच्या तोंडावर असा काही आनंद की बघत राहावं. परतीच्या एसटीत मी त्यांना सांगितलं, “न्हाय घ्यायचं. डिझेल टाकायचं. पेट्रोल पाजून कंबरडं मोडंल माझं.”

“डिझेल जड पडंल हिला,” आबा म्हणाले. “हिची चेसी मला ठावं हाय. ब्रेक पुरायचा न्हाय.”

“ब्रेक मी पुरवतो की.”

“तू काय पुरवतोस? लेथवर ब्रेक कातणार हायस?”

झालं! त्या एका वाक्यानं माझं टाळकं सरकलं. दुसऱ्याच दिवशी मी आमच्या मिस्त्रीला घेऊन जुन्या मालाच्या बाजारात गेलो आणि एका मिनीबसचं डिझेल इंजिन उचललं. मिनीबस घाटात पडलेली होती. आबांनी विचारलं, “कुठल्या गाडीचं?” मी सांगितलं. ते इंजिनाकडं बघत राहिले. मला तेव्हा ती म्हाताऱ्या माणसाची नाराजी वाटली.

इंजिन बसवायला तीन महिने लागले. मिस्त्री माणूस अबोल, पण कामाचा. गाडी जड झाली म्हणून त्यानं ब्रेकला बूस्टर बसवला. बूस्टर म्हणजे एक गोल डबा. इंजिनावरचा छोटा पंप त्यातली हवा ओढतो आणि त्या जोरानं ब्रेक लागतो, पायाला फारसा जोर द्यावा लागत नाही. आबांना मी मुद्दाम बोलावून सीटवर बसवलं, इंजिन चालू केलं आणि म्हणालो, “दाबा. बोटानं दाबला तरी लागंल.” त्यांनी दाबला. “हलका हाय,” एवढंच म्हणाले. मला जिंकल्यासारखं वाटलं.

आणखी एक काम मी करून घेतलं. ते डिझेल इंजिन चावीनं बंद होत नव्हतं. बंद करायला एक दोरी ओढावी लागे. मला वाटलं, आबांचा हात चावीला सवकलेला, दोरी कुठं शोधत बसतील? मिस्त्रीला सांगून डिझेल तोडायचा व्हॉल्व्ह चावीला जोडून घेतला. चावी फिरवली की इंजिन बंद, पहिल्यासारखं. देवाशपथ सांगतो, ते मी त्यांच्या मायेपोटी केलं.

मिस्त्रीनं गाडी ताब्यात देताना मला बाजूला घेतलं. “मालक, एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंजिन चालू हाय तवर ब्रेक लोणी. बंद झालं की एक-दोन बार लागंल, मग पायडल दगड. म्हाताऱ्याला सांगा, उताराला चावी बंद करू नका म्हणावं.”

“सांगतो,” मी म्हणालो.

आणि सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मी आजवर हजारदा स्वतःला विचारलंय. विसरलो असतो तर बरं झालं असतं. विसरलो नव्हतो. सांगायला दोनदा तोंड उघडलं होतं. पण सांगायचं म्हणजे कबूल करायचं, की आबा, तुम्ही म्हणत होता तेच खरं, या ब्रेकचं काही खरं नाही, तो इंजिनाच्या मेहरबानीवर चालतो. मग ते तिरके हसले असते. त्या हसण्याला मी भ्यालो. बापाच्या जिवापेक्षा मला माझं नाक मोठं वाटलं, दुसरं काय!

पहिली लांबची फेरी खाली कोकणात, वैभववाडीपर्यंत जाऊन यायची ठरली. आम्ही दोघंच. आबा चालवायला बसले, धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. शहर सोडलं आणि गाडी जी निघाली! प्रत्येक चढाला मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. साळवणच्या पुढं ते माझ्याकडं न बघताच म्हणाले, “वढती की रं लेका! मी म्हनलो त्यापरास बरी वढती.”

उभ्या जन्मात त्यांनी माझी केलेली ती पहिली स्तुती. आता ब्रेकचं कशाला काढा, असं मला वाटलं. माथ्यावर चहा पिताना सांगू.

गगनबावड्यात चहा प्यालो. धुकं असं की टपरीवाल्याचा हात दिसे, तोंड दिसत नव्हतं. आबा खुशीत होते, टपरीवाल्याला गाडी दाखवत होते. “पोरानं बांधलीया. सगळी पोरानं.” मी मान खाली घालून बशीतला चहा ओढत बसलो. मग आम्ही निघालो आणि पहिल्या उताराला त्यांचा हात चावीकडं गेला.

इंजिन बंद झालं. एकदम इतकं शांत झालं की धुक्यात कुठंतरी ओढा वाहत होता तो ऐकू यायला लागला.

“आबा, चावी!” मी ओरडलो.

“गप बस. सव्वीस वरसं उतरतोय ह्यो घाट.”

पहिल्या वळणाला ब्रेक लागला. दुसऱ्याला लागला, पण गाडी वळणाच्या बाहेर गेली आणि आबांनी भुवया उचलल्या. तिसऱ्याच्या आधी त्यांनी पाय दाबला आणि पायडल हललंच नाही. दोन्ही पाय दिले. सीटवरून उठून, सगळं अंग घालून दिलं. मी चावी फिरवली, इंजिन धरेना; “गियर टाका, गियर टाका” म्हणून बोंबललो, पण तेवढ्या वेगात गियर पडेना, नुसतं दात खाल्ल्यासारखं खरडत राहिलं. हँडब्रेक ओढला तर जळका वास आला, बाकी काही नाही. डावीकडं माझ्या बाजूला दरी होती. उजवीकडं, रस्ता ओलांडून, डोंगर.

समोरून काही येतंय का हे धुक्यात दिसत नव्हतं. त्यांनी मान कलती करून क्षणभर कान दिला. मग गाडी उजवीकडं घेतली आणि डोंगराला घासत नेली, आपल्या अंगाच्या बाजूनं. दार चेपलं, काच आत आली, दगडाच्या एका नाकाडावर गाडी बसली आणि थांबली. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली चार ठिकाणी मोडला होता. टोपी शोधत होते.

दवाखान्यात येईल तो विचारी, “ब्रेक फेल झाला का?” आबा सांगत, “न्हाय, न्हाय. गाडीला काय बी झाल्यालं न्हाय. माझा पायच कमी पडला.” मी खाटेच्या पायथ्याशी उभा. एकदा वाटलं, आत्ता बोलावं. पण नातेवाईक होते, म्हटलं सगळे गेले की बोलू.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आला. आबांना बघितलं आणि सरळ माझ्याकडं वळला. “मालक, चावीचं सांगितलंवतं न्हवं त्यास्नी?”

खोलीत आई होती, आबा जागे होते. मी म्हणालो, “सांगितलंवतं की. त्यांच्या ध्यानात ऱ्हायलं न्हाय.”

इतकं सरळ निघालं ते तोंडातून की माझं मलाच पटलं. आबा माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील, कधी सांगितलंस रं? ते म्हणाले नाहीत. ते आठवायला लागले. कपाळाला आठ्या घालून, मनापासून, कधी सांगितलं असेल ते आठवत राहिले.

त्यानंतर ते स्टीअरिंगला शिवले नाहीत. पाय बरा झाला, काठीनं चालू लागले, पण तो जुना माणूस गेला. गोळी घेतली का मी, म्हणून आईला तीनतीनदा विचारत. दाराची कडी घातली का बघायला दोनदा उठत. नातवाला शाळेतून आणायला सांगितलं तर म्हणत, “मला नगं, मी इसरतो.” खरं सांगतो, ते काहीच विसरत नव्हते. डॉक्टरसुद्धा म्हणाले, वयाच्या मानानं डोकं उत्तम आहे. घरात कोणी ऐकलं नाही, आबांनी तर नाहीच. मी रोज बघत होतो, आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं.

सात वर्षांनी ते गेले. जायच्या आदल्या आठवड्यात मला जवळ बसवून घेतलं. आवाज बारीक झाला होता, पण शुद्ध होती. म्हणाले, “तू सांगितलंवतंस म्हणं. माझ्याच डोक्यात ऱ्हायलं न्हाय. एवढी कष्टानं बांधल्याली गाडी तुझी, मी मोडली. तुलाबी मारलं असतं. माफ कर बाबा.”

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “असू दे, आबा.”