सिलिकॉनचा राक्षस

चहा ओता आधी, मग सांगतो. एवढा विचार करून केलेला गाढवपणा तुम्ही पाहिला नसेल!

मला राक्षसांचे पुतळे जमवायचा नाद. यंदा चांगला हातभर उंच, सुळेवाला घ्यायचा होता. सिलिकॉनचा की रेझिनचा, यात महिनाभर डोकं पिकवलं. रेझिनचं काम रेखीव, पण पडला की तुकडे. आणि घोडपदेवच्या चाळीतल्या आमच्या खोलीत कोणाचं कोपर कशाला लागत नाही? सिलिकॉनचा पडला तरी काही होत नाही, शिवाय कातडी हुबेहूब! घेतला सिलिकॉनचा. मित्रांना फोटोसुद्धा पाठवला नाही. "रविवारी बघायलाच या," म्हटलं. ऐट!

खोकं उघडून मी हातपाय धुवायला गेलो, तेवढ्यात आईने त्याच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं.

"अगं, राक्षस आहे तो!"

"असू दे. नवीन वस्तू आहे ना? फ्रीजला नव्हतं लावलं?"

लावलं होतं. पण फ्रीजचं पुसलं गेलं. सिलिकॉनने हळद पिऊन टाकली! साबण झाला, लिंबू झालं, माझा खांदा निखळायची वेळ आली. "उन्हात ठेव, डाग उडतो," आई म्हणाली. ठेवला गॅलरीत आणि गेलो कामावर.

संध्याकाळी बघतो तर गळ्यात झेंडूचा हार, पुढ्यात उदबत्ती. शेजारच्या सावंतकाकू हात जोडून उभ्या.

"राखणदार इलो रे! आता बघूया चाळ पाडूक बसलेलो बिल्डर आमका कसो फसयता तो!"

"काकू, अहो, तो..."

"गप! आधी पाया पड."

पडलो. करतो काय? दिवसभर उन्हाने डाग जरा फिका व्हायचा, संध्याकाळी काकू ताजी हळद लावायच्या. चार लोक पाया पडत असताना तो उचलून आत कसा नेणार? दमलो हो मी!

रविवारी मित्र आले. आमच्यातला जाणकार शिरीष गॅलरीतच थबकला.

"हे काय रे?"

"चाळीचा राखणदार."

"सिलिकॉन आहे! बघ, चाळीला कळतं. तुझा कुठाय?"

हाच माझा, असं सांगायला तोंड उघडलं. पण ते पिवळंधमक कपाळ बघून धीरच होईना.

"माझा... अजून यायचाय."

"अरेरे!" शिरीषने बूट काढले, डोळे मिटले. "देवा, ह्याचा पुतळा लवकर मिळू दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मीही माझ्याच राक्षसापुढे हात जोडले आणि माझा राक्षस मला मिळू दे म्हणून मागणं मागितलं. अगदी मनापासून!