मिनिटकाकांचा एक तास

मिनिटकाकांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणाचं त्यावाचून अडलंही नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक "संध्याकाळी येतो" म्हणालं की काका डोळ्यावरचं भिंग न काढता विचारायचे, "संध्याकाळी म्हणजे किती वाजून किती मिनिटांनी?" एवढ्यावरून नाव पडलं आणि चिकटलं.

माणूस हाताचा पक्का, पण जिभेला हाड नाही. कुणी म्हणालं, "घड्याळ मागे पडतं हो, मी रोज काटे पुढे करतो," की संपलंच. काका चिमटा खाली ठेवायचे. "ताप आलेल्या पोराचं कपाळ पुसलं म्हणजे ताप जातो का? रोग आत असतो, आत! तुम्ही काटे सरकवून स्वतःची समजूत काढताय." गिऱ्हाईक ओशाळायचं आणि घड्याळ ठेवून जायचं. आत स्वयंपाकघरात काकू म्हणायच्या, "आला एखादा की झोडल्याशिवाय सोडायचं नाही."

भिंतभर घड्याळं, पण सगळी लोकांची. एक चालू, एक बंद, एक पळतंय, एक रांगतंय. नवी सून घरात आली तेव्हा काकूंनी तिला बजावलं होतं, भिंतीकडे बघून काही शिजत ठेवायचं नाही, जळेल. घराचं म्हणावं असं घड्याळच नव्हतं. खरी वेळ काकांच्या मनगटावर, आणि कॉम्प्युटर आल्यापासून त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

हा कॉम्प्युटर काकांचा दुसरा मुलगाच म्हणा. पहिला जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा दिसणारा. दुसरा कायम डोळ्यांसमोर. एकेक भाग वेगळा आणून, डोळ्याला भिंग लावून, स्वतःच्या हातांनी त्यांनी तो जोडला होता. पहिल्या वेळी सुरूच झाला नाही, कारण वायर भिंतीत लावायची राहिली होती. ही गोष्ट काकू पाहुण्यांना आवडीने सांगत आणि काका आवडीने ऐकत नसत.

त्यात काकांनी लिनक्स घातलं होतं, म्हणजे विंडोजसारखीच यंत्र चालवणारी प्रणाली. त्यांना ते आवडायचं, कारण मागचं झाकण उघडून आतलं बघता येतं, असं ते म्हणत. पण सूनबाई होती नकाशे काढणारी. लग्नाआधी एका घरबांधणीच्या कचेरीत ती इमारतींचे आराखडे काढायची, आणि तिचा तो नकाशांचा प्रोग्रॅम चालायचा फक्त विंडोजवर. मग काकांनी एकाच यंत्रात दोन्ही मांडली. बटण दाबलं की यंत्र विचारणार, लिनक्स की विंडोज? काकू म्हणाल्या, "एका घरात दोन चुली नकोत म्हणून मी इतकी वर्षं जपलं, आणि यांनी त्या डब्यात मांडल्या!"

दोन चुली म्हटल्या की कुरबूर आलीच. इथे ती निघाली घड्याळावरून. काका आपल्या बाजूला काम करून उठले, की सूनबाईच्या बाजूचं घड्याळ मागे पडलेलं असायचं. काका ते हाताने नीट करायचे. पुढे कधी आपल्या बाजूला जावं तर तिथलं पुढे पळालेलं. तेही नीट करायचे. खरं तर यंत्र अधूनमधून इंटरनेटला वेळ विचारून आपलं आपण सुधारायचं. पण ते काकांच्या जिव्हारी लागलं. "घड्याळजीच्या घरात वेळ परक्याला विचारायची?" म्हणून त्यांनी दोन्हीकडची ती सोय बंद केली. मग यंत्र बंद असताना घड्याळ चालवणाऱ्या, मदरबोर्डवरच्या सेलवर संशय घेतला. तसले चपटे सेल त्यांच्या खणात पोत्याने. एक बदलला, दुसरा बदलला, सेलची पट्टी घासून पुसून लख्ख केली. दोन-चार दिवस बरं वाटायचं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. "स्वस्तातला बोर्ड," असं म्हणून काका हाताने वेळ लावत राहिले. म्हणजे काटे सरकवत राहिले. पण हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं नाही.

आणि मग सूनबाईची मुलाखत ठरली. दूरच्या शहरातली कचेरी, काम घरबसल्या, मुलाखत पडद्यावर. सोमवारी अकरा वाजता. लग्नानंतर पहिल्यांदाच कुणीतरी तिला तिच्या कामासाठी बोलावत होतं. आदल्या आठवड्यात ती घरभर स्वतःशीच उत्तरं पुटपुटत फिरत होती. काकू म्हणाल्या, "अगं, कढईला काय सांगतेयस, मला सांग की." सगळी हसली. काकासुद्धा.

सोमवारी सकाळी काकांनी आपल्या बाजूला जाऊन एका जुन्या घड्याळाच्या भागाचं चित्र शोधलं. घड्याळ पुढे होतं, ते नीट केलं. मग सुनेला तयार मिळावं म्हणून यंत्र तिच्या बाजूला चालू करून दिलं. तिथली वेळ बघणार, एवढ्यात दुकानाची घंटी वाजली.

मध्येच जहाजावरून फोन येऊन व्यत्यय नको, म्हणून सूनबाईने मोबाईल बंद करून काकूंकडे दिला होता, आणि काकू तो पिशवीत टाकून बाजारात गेल्या होत्या. सूनबाई पडद्यासमोर येऊन बसली. कोपऱ्यात दहा वाजायला आले होते. भरपूर वेळ आहे म्हणून तिने केस पुन्हा विंचरले, आराखडे पुन्हा चाळले, खुर्ची खिडकीपासून थोडी हलवली.

इकडे काकांनी मनगटाकडे बघितलं. अकरा. समोर एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन तावातावाने बोलत होत्या. काकांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत सूनबाईंची मुलाखत चालू आहे." बाई कौतुकाने हळू बोलू लागल्या. त्यांच्यामागून आलेल्या माणसालाही काकांनी तसंच गप्प केलं. तासभर काका सुनेच्या मुलाखतीची राखण करत होते, आणि आत ती बिचारी मुलाखत सुरू व्हायची वाट बघत होती.

तिच्या घड्याळात अकरा वाजले तेव्हा पडद्यावर कुणीच नव्हतं. एक ओळ होती: आम्ही वाट पाहिली, फोनही केला, तो बंद लागला.

ती बाहेर आली तेव्हा काकू बाजारातून आल्या होत्या, शेजारीण सोबत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळाची बाई अजून हलली नव्हती. सूनबाईने हळूच विचारलं, "बाबा, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे तर नव्हतं ना? त्यात आत्ता अकरा वाजलेत."

काकांनी मनगटाकडे बघितलं: बारा. पण चार माणसं बघत होती. "यंत्र ठणठणीत आहे," ते म्हणाले. "मी जोडलंय ते. तूच कुठेतरी हात लावला असशील. किंवा वेळ वाचण्यात चुकली असशील. हल्ली पोरींना घड्याळ बघायची सवयच राहिली नाही."

सूनबाईने मान खाली घातली. "असेल, बाबा."

दुपारी तिने कचेरीत फोन केला आणि येऊन सगळ्यांना सांगितलं. तिथल्या बाई भल्या होत्या. यंत्रात बिघाड होता असं शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवलं तर मुलाखत पुन्हा घेऊ म्हणाल्या. उमेदवारच वेळ विसरला असेल तर मात्र नाही. "काय कळवू?" असं तिने विचारलं नाही. सांगून झाल्यावर ती फक्त थोडी थांबली. काका ताटातला भात कालवत राहिले.

मंगळवारी, दुकानात कुणी नसताना, काका यंत्रापाशी बसले. लिनक्समध्ये गेले: घड्याळ तासभर पुढे. नीट केलं आणि उठण्याऐवजी या वेळी लगेच विंडोजमध्ये गेले: तासभर मागे. नीट केलं. परत लिनक्स: तासभर पुढे. असं त्यांनी याआधी एका बैठकीत कधी केलंच नव्हतं. सेलचा काही दोष नव्हता. बोर्डाचा नव्हता. यंत्रात घड्याळ एकच. विंडोज समजायचं की ते गावची वेळ दाखवतंय, लिनक्स समजायचं की ते तासभर मागे असलेल्या दुसऱ्याच मुलखाची वेळ दाखवतंय, कारण मांडताना चुकून तशी निवड झाली होती, आणि त्या दोहोंत फरक तासाचा. एका बाजूला काटे नीट केले की दुसऱ्या बाजूचे बिघडत होते. बिघडवणारा हात काकांचा होता. आणि जी सोय हे गुपचूप सावरून घेत होती, ती त्यांनीच ऐटीत बंद केली होती.

जन्मभर ज्या चुकीसाठी लोकांना झोडलं, तीच चूक, तीही स्वतःच्या घरात, स्वतःच्या हाताने. काकांना भिंतीवरच्या घड्याळांकडे बघवेना. लिनक्सला एक ओळ लिहून सांगायचं, की हे घड्याळ गावचं समज. त्यांनी ती लिहिली. दोन्हीकडे पुन्हा पुन्हा जाऊन बघितलं. घड्याळ जागचं हललं नाही. इतका सोपा उपाय निघाला याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

आता फक्त आत जाऊन सांगायचं होतं. स्वयंपाकघर दहा पावलांवर. काका उठले आणि दारापर्यंत गेले. आत काकू सुनेची समजूत घालत होत्या, "अगं, हे तोंडाने फटकळ आहेत, पण वेळेच्या बाबतीत यांचं कधी चुकत नाही. चुकतो माणूस, पुढच्या वेळी बघू." काका दारातूनच मागे फिरले. उद्या सांगू.

बुधवारी सांगायचं तर जहाजावरून मुलाचा फोन आला, आणि त्याच्यासमोर नको म्हणून राहिलं. गुरुवारी गिऱ्हाईक होतं. दिवसभर नव्हतं, पण होतं. त्या दिवशी एका म्हाताऱ्याने "काटे मीच पुढे करतो हो" म्हटलं, आणि काका नुसतं "ठेवून जा" म्हणाले. म्हातारा दोनदा वळून बघत गेला.

शुक्रवारी दुपारी काकांनी निश्चय केला आणि मोडला. त्यांच्या डोक्यात एक शहाणपणा शिरला: आधी आपणच कचेरीत फोन करून सगळं मिटवावं, मुलाखत पुन्हा ठरवावी, आणि मग सुनेला चूक आणि आनंदाची बातमी एकदमच द्यावी. बातमीच्या गोडव्यात चूक विरघळून जाईल. कचेरीचा नंबर काकूंनी पिठाच्या डब्यावर चिकटवून ठेवला होता, तो त्यांनी उतरवून घेतला. पण फोनवर परक्या बाईला 'मी घड्याळजी आहे आणि माझं घड्याळ चुकलं' हे सांगायचं कसं? वाक्य जुळवण्यात संध्याकाळ झाली.

शनिवारी सकाळी, काकू आणि सूनबाई आत असताना, त्यांनी दुकानातून फोन लावला. वाक्य कसंबसं पुरं केलं. पलीकडच्या बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अहो काका, काल रात्री नऊपर्यंत वाट पाहिली मी," त्या म्हणाल्या. "तुमच्या सूनबाईंचे आराखडे सगळ्यांना पसंत होते. पण बिघाडाचं काहीच कळवलं नाहीत, म्हणून शेवटी दुसऱ्या बाईंना कळवलं. काल सांगितलं असतंत तर झालं असतं."

काकांनी फोन ठेवला. तसेच उठून आत गेले. काकू परसात कपडे वाळत घालत होत्या. सूनबाई एकटीच भाजी निवडत बसली होती. काका समोरच्या पाटावर बसले. सासरा म्हणून ते तिच्यासमोर असे कधी खाली बसले नव्हते.

"सूनबाई, घड्याळ मागे होतं. माझ्यामुळे. मंगळवारी कळलं मला." पुढचं सगळं त्यांनी खाली मान घालून सांगितलं, सकाळचा फोनसुद्धा. "तू चुकली नव्हतीस. मी चारचौघांत तुझ्यावर ढकललं."

तिचे हात थांबले नाहीत. जून देठ एकीकडे, पानं एकीकडे.

"मला माहीत होतं, बाबा."

"माहीत होतं? कधीपासून?"

"बुधवारी मी बसले, तेव्हा घड्याळ बरोबर होतं. त्याआधी तुम्ही तुमच्या बाजूला बसला होतात, तरीही बरोबर. असं कधीच व्हायचं नाही. म्हणजे तुम्ही दुरुस्त केलंय, हे कळलं. आणि दुरुस्त केलंय म्हणजे बिघडलेलं होतं."

"मग तू कळवायचंस ना त्यांना!" काका कळवळून म्हणाले. "मला विचारायचं तरी! भांडायचं माझ्याशी!"

"तुम्हाला खोटं पाडून?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात, यंत्र ठणठणीत आहे. मला वाटलं, दुरुस्त केलंय म्हणजे आता सांगतीलच. आज सांगतील, उद्या सांगतील. काल संध्याकाळी नंबर काढून तयार ठेवला होता मी. तुम्ही दुकान बंद करून आत आलात, तेव्हा उठूनसुद्धा उभी राहिले. तुम्ही म्हणालात, जेवायला वाढ."

खरंच काका तसं म्हणाले होते, आणि तिने वाढलं होतं.

"मी तुझ्या सासूबाईंना सांगतो," ते शेवटी म्हणाले. "शेजारणीला सांगतो. त्या भिंतीवरच्या घड्याळवाल्या बाईंनाही."

"सांगा," ती म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

परसातून काकू रिकामी बादली घेऊन आल्या. नवऱ्याला पाटावर बसलेला बघून थबकल्या. "अहो, काय झालं? दुकान उघडायची वेळ टळून गेली की तुमची."